उद्यानांच्या नगरीत सहकुटुंब : चंडीगडच्या सहलीचे नियोजन

दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागले की घरोघरी सहलीचा विषय निघतो. मुलांना उंच पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या खुणावत असतात, आजी-आजोबांना गर्दीपासून दूर, शांतपणे बसण्यासारखे ठिकाण हवे असते आणि आई-वडिलांच्या मनात रजा व खर्च यांचा हिशेब चालू असतो. तिन्ही पिढ्यांच्या अपेक्षा एकाच सहलीत पूर्ण व्हाव्यात अशी इच्छा असते. परंतु पुष्कळदा घडते ते वेगळेच. दिवसभर मुलांमागे धावून आई-वडील थकतात, आजी प्रवेशद्वाराजवळच्या बाकावर सामान सांभाळत बसते आणि परतल्यावर महिनाभराने क्रेडिट कार्डाचे देयक हाती पडले की सहलीचा उरलासुरला आनंदही ओसरतो.

अशी सहल वारंवार होत नाही. आजीच्या गुडघ्यांना अजून प्रवास झेपतो आहे आणि मुले अजून आई-वडिलांचे बोट धरून चालत आहेत, अशी वर्षे कोणत्याही कुटुंबाच्या वाट्याला मोजकीच येतात. ती वर्षे धावपळीत व चिडचिडीत वाया जाऊ नयेत, यासाठी दोन नियम पाळावेत. पहिला नियम, सहल कुटुंबातील सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीच्या पावलांनी आखावी. दुसरा नियम, सहलीचा पैसा घरातून निघण्यापूर्वीच जमा झालेला असावा. चंडीगड या उद्यानांच्या नगरीचे उदाहरण घेऊन हे दोन नियम प्रत्यक्षात कसे आणावेत, याचा विचार येथे केला आहे.

थीम पार्कची कल्पना

एखादी कल्पना किंवा कथा मध्यवर्ती धरून तिच्याभोवती रचलेले मनोरंजन उद्यान म्हणजे थीम पार्क. या कल्पनेला जगभर लोकप्रियता मिळाली ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वॉल्ट डिस्ने यांनी उभारलेल्या डिस्नेलँडमुळे. १७ जुलै १९५५ रोजी झालेला त्याचा उद्घाटनाचा दिवस मात्र गोंधळाचा ठरला. बनावट प्रवेशपत्रे घेऊन निमंत्रितांपेक्षा कितीतरी अधिक लोक आत शिरले. कडक ऊन पडले होते, नळ-कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे होते आणि ताज्या डांबरात महिलांच्या उंच टाचांचे बूट रुतत होते. गर्दी, ऊन, पाणी आणि पादत्राणे या चार गोष्टींनी त्या दिवशी पाहुण्यांची परीक्षा पाहिली. सात दशकांनंतर आजही कोणत्याही उद्यानात कुटुंबाचा दिवस बिघडतो तो बहुधा याच चार कारणांनी.

भारतात दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीचे नाव त्याला दिले होते. ते २००८ मध्ये बंद झाले. मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या शालेय सहलींच्या आठवणी अशा उद्यानांशी जोडलेल्या आहेत.

चंडीगडच का?

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंडीदेवीच्या मंदिरावरून नाव मिळालेले हे शहर फाळणीनंतर पंजाबची नवी राजधानी म्हणून वसवले गेले. त्याचा आराखडा फ्रान्समधील प्रख्यात वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी साकारला. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी तरुणपणी पॅरिसमध्ये त्यांच्या कार्यालयात काम करीत असताना चंडीगडच्या इमारतींच्या आराखड्यांवर राबले होते. पुढे २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

कौटुंबिक सहलीच्या दृष्टीने या शहराची रचना सोयीची आहे. रस्ते रुंद आहेत, पदपथ सलग आहेत आणि सर्वत्र झाडांची सावली आहे. एक सेक्टर साधारणपणे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब असतो. त्यामुळे अंतरांचा अंदाज घरबसल्या नकाशावरून बांधता येतो. डिस्नेलँडसारखे भव्य थीम पार्क मात्र शहरात नाही. सारंगपूर येथे तसे उद्यान उभारण्याची योजना एकेकाळी आखली गेली होती, पण ती प्रत्यक्षात आली नाही. त्याऐवजी येथे निरनिराळ्या कल्पनांवर बेतलेली अनेक उद्याने आहेत. टाकाऊ वस्तूंचे, गुलाबांचे, सुगंधी वनस्पतींचे, पक्ष्यांचे, अशी ही उद्याने एकमेकांपासून फार दूर नाहीत. एकाच बंदिस्त उद्यानात सकाळपासून रात्रीपर्यंत अडकून पडण्याऐवजी थोडे पाहावे, थोडी विश्रांती घ्यावी आणि पुन्हा निघावे, अशी मोकळीक येथे मिळते. लहान मुले व ज्येष्ठ सोबत असताना ही मोकळीक मोलाची ठरते.

केव्हा जावे?

महाराष्ट्रातील शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात असते. परंतु मे-जूनमध्ये चंडीगडचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. डिसेंबरअखेरीस व जानेवारीत दाट धुके पडते, गाड्या व विमाने तासन्‌तास उशिराने धावतात. हवामानाच्या दृष्टीने ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे दोन कालावधी उत्तम. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांना अर्थातच दिवाळीची सुट्टी सोयीची. त्या सुमारास उत्तर भारतात शेतातील काडीकचरा जाळल्याने काही दिवस हवेत धूर राहतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच तारीख ठरवावी. शाळेचे बंधन नसलेल्या ज्येष्ठ दांपत्यांनी फेब्रुवारीचा विचार करावा, कारण त्या महिन्यात गुलाब उद्यानात वार्षिक गुलाब महोत्सव भरतो.

आठवड्याचा वारही पाहावा. छतबीर प्राणिसंग्रहालय आणि सेक्टर १० मधील शासकीय वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवारी मनोरंजन उद्यानात स्थानिक गर्दी उसळते. म्हणून पाळण्यांचा दिवस मंगळवार ते गुरुवार यांपैकी ठेवावा.

कसे जावे?

मुंबईच्या वांद्रे टर्मिनसहून आणि कोकण रेल्वेमार्गे मडगावहून चंडीगडला थेट गाड्या आहेत. परंतु त्या रोज सुटत नाहीत. त्यामुळे आधी गाडीचा वार पाहावा आणि मग रजेचा अर्ज करावा. दिल्लीपर्यंत रेल्वेने जाऊन तेथून शताब्दीने सुमारे साडेतीन तासांत चंडीगड गाठण्याचा मार्गही सोयीचा आहे. मुंबई व पुणे येथून विमानसेवाही उपलब्ध आहे.

रेल्वे आरक्षणाविषयी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत आता नाही. ती तारीख दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी. ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली, त्यामुळे अंदाजपत्रकात त्यांचेही पूर्ण भाडे धरावे. मात्र खालच्या बर्थसाठी राखीव कोटा चालू आहे. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील महिला त्याचा लाभ घेऊ शकतात. या कोट्यात एका तिकिटावर दोनच प्रवासी घेता येतात, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे लागते आणि त्यांचा डबा निराळा येऊ शकतो. आजींना एकट्याने वेगळ्या डब्यात बसणे रुचेल का, हे त्यांनाच विचारून निर्णय घ्यावा.

ऑनलाइन तिकीट काढताना रेल्वेच्या प्रवास विम्याचा पर्याय निवडावा. प्रत्येक प्रवाशामागे त्याचा हप्ता एक रुपयाहूनही कमी आहे. तिकीट निघाल्यावर विमा कंपनीकडून नामनिर्देशन भरण्यासाठी संदेश येतो. बहुतेक प्रवासी तो न उघडताच पुसून टाकतात. बँक खात्यात नामनिर्देशन जितके आवश्यक, तितकेच येथेही ते आवश्यक आहे.

पैशाचे नियोजन

उदाहरणादाखल आजी, आई-वडील आणि दोन मुले असे पाच जणांचे कुटुंब घेऊ. चार रात्रींच्या मुक्कामासह, वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या रेल्वे प्रवासाने जाऊन येण्यास साधारण ७५,००० रुपये लागतील असे धरू. त्याची विभागणी अशी करता येईल : रेल्वे प्रवास २४,००० रुपये, दोन खोल्यांचे निवास १८,००० रुपये, भोजन १२,००० रुपये, प्रवेशतिकिटे व स्थानिक वाहन १३,००० रुपये आणि आकस्मिक खर्च ८,००० रुपये. प्रत्यक्ष दर हंगामानुसार बदलतात, म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपले आकडे स्वतः भरावेत. आकस्मिक खर्चाची रक्कम मात्र कोणीही वगळू नये. मुलाला ताप येणे, गाडी चुकणे, चष्मा फुटणे यांपैकी काहीतरी सहलीत घडतेच.

हा पैसा उभारण्याचे दोन मार्ग शेजारी ठेवून पाहावेत. पहिला मार्ग आवर्ती ठेवीचा. दरमहा ४,००० रुपये याप्रमाणे १८ महिने भरल्यास ७२,००० रुपये जमा होतात. व्याजदर वार्षिक सहा टक्के धरला तर त्यावर सुमारे साडेतीन हजार रुपये व्याज मिळते आणि सहलीची रक्कम तयार होते. दुसरा मार्ग क्रेडिट कार्डाचा. तेच ७२,००० रुपये कार्डावर खर्च केले आणि दरमहा तीन टक्के आकारणीने बारा समान हप्त्यांत फेडले, तर दरमहा सुमारे ७,२३० रुपये भरावे लागतात आणि वर्षअखेर जवळजवळ १४,८०० रुपये केवळ व्याजापोटी जातात. त्यावरील कर वेगळाच. म्हणजे पहिल्या मार्गाने साडेतीन हजार मिळतात आणि दुसऱ्या मार्गाने पावणेपंधरा हजार जातात. या दोन मार्गांमध्ये सुमारे अठरा हजार रुपयांचे अंतर आहे. वरील अंदाजपत्रकातील संपूर्ण निवासाचा खर्च तेवढाच आहे, हे लक्षात घेतले की दीड वर्ष आधी बचतीला आरंभ करणे का हितावह आहे ते निराळे सांगावे लागत नाही.

हॉटेल निवडताना कराचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जाहिरातीत दाखवलेले भाडे करासहित आहे की करविरहित, न्याहारी त्यात आहे की नाही आणि आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत.

रजा प्रवास सवलतीचा लाभ घेणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्यावी, पात्र श्रेणी व मार्ग यांची खात्री करावी आणि मूळ तिकिटे व पावत्या जपून ठेवाव्यात. अन्यथा सहल उत्तम होऊनही परतीनंतर देयकाचा पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालू राहतो.

मुलांनाही या नियोजनात सहभागी करून घ्यावे. प्रत्येक मुलाला खाऊ व खेळणी यांसाठी ठरावीक रक्कम द्यावी आणि खर्चाची नोंद त्यानेच वहीत करावी असे सांगावे. दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या धोरणानुसार स्वतंत्रपणे बचत खाते उघडता व चालवता येते. सहलीसाठीची बचत हा त्या खात्याचा पहिला उद्देश ठरू शकतो. स्वतः साठवलेल्या पैशातून घेतलेली वस्तू मूल अधिक जपते, असा पालकांचा सर्वसाधारण अनुभव असतो.

चार दिवसांचा बेत

पहिला दिवस : रेल्वेचा प्रवास दीर्घ असल्याने या दिवशी काहीही पाहण्याची घाई करू नये. दुपारी विश्रांती घेऊन सायंकाळी सुखना तलावावर जावे. शिवालिकमधून वाहणारा पावसाळी प्रवाह अडवून १९५८ मध्ये हा तलाव तयार करण्यात आला. काठावरच्या फिरण्याच्या मार्गावर वाहनांना मज्जाव आहे, त्यामुळे मुलांना मोकळे सोडता येते आणि ज्येष्ठांना बाकांवर बसून डोंगररांगेमागे सरणारा उजेड पाहता येतो. नौकाविहाराची सोय आहे. जवळच २०२१ मध्ये सुरू झालेले पक्षी उद्यान आहे. त्यातील मोठ्या जाळीदार दालनात माणसे चालतात आणि पक्षी त्यांच्या आसपास उडतात.

दुसरा दिवस : सकाळी लवकर रॉक गार्डन गाठावे. हे उद्यान नेक चंद यांनी घडवले. १९२४ मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ परिसरात जन्मलेले नेक चंद फाळणीनंतर भारतात आले आणि चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून रुजू झाले. नव्या राजधानीसाठी अनेक खेडी हटवण्यात आली होती. त्या पाडकामातून उरलेले साहित्य, नदीपात्रातील विचित्र आकारांचे दगड, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेच्या खांबांवरील चिनी मातीच्या वस्तू हे सारे ते सायकलवरून वाहून आणीत. १९५७ च्या सुमारास त्यांनी शहराच्या उत्तर टोकाच्या जंगलातील एका ओढ्याकाठी आपली सृष्टी रचावयास घेतली. ती जमीन शासनाची होती आणि तेथे बांधकामास मनाई होती. दिवसा नोकरी आणि सायंकाळनंतर हे काम, असा क्रम सुमारे अठरा वर्षे गुप्तपणे चालला.

१९७५ मध्ये हे काम अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले. नियमाप्रमाणे ते पाडून टाकणे शक्य होते. परंतु नागरिकांनी ते उचलून धरले आणि प्रशासनानेही त्याचे मोल ओळखले. १९७६ मध्ये उद्यान जनतेसाठी खुले झाले आणि नेक चंद यांना याच कामासाठी वेतन व मजूर देण्यात आले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. आज हे उद्यान सुमारे ४० एकरांवर पसरले आहे. त्यावरचे संकट मात्र कायमचे टळलेले नाही. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परिसरातील रस्ता व वाहनतळ यांच्या कामासाठी त्याच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला, तेव्हा नागरिकांनी पुन्हा आवाज उठवला.

हा इतिहास मुलांना उद्यानात शिरण्यापूर्वी सांगावा. त्यानंतर 'ही मूर्ती कोणत्या टाकाऊ वस्तूंची बनली आहे?' हा खेळ आपोआप सुरू होतो. बांगड्यांच्या साड्या नेसलेल्या स्त्रिया, कपबश्यांच्या तुकड्यांनी मढवलेली माणसे व माकडे पाहताना मोबाईल हातात घेण्याची आठवणही मुलांना राहत नाही. तिसऱ्या भागात उंच कमानींना टांगलेले झोके आहेत. तेथे मोठी माणसेही आपले वय विसरतात.

ज्येष्ठांसाठी मात्र काही सूचना आवश्यक आहेत. वाट अरुंद, चढउताराची व फरसबंद आहे. अनेक दरवाजे मुद्दामच ठेंगणे ठेवलेले असून त्यांतून वाकूनच जावे लागते. वाट एकाच दिशेने पुढे जाते, त्यामुळे मध्येच परतणे गैरसोयीचे होते. संपूर्ण फेरीला दीड-दोन तास लागतात. मुलांची ढकलगाडी येथे उपयोगी पडत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीने पहिला भाग पाहून थांबावे की संपूर्ण फेरी करावी, हे प्रवेशद्वारावरच ठरवावे.

दुपारी भोजन व विश्रांती. सायंकाळी सेक्टर १६ मधील झाकीर हुसेन गुलाब उद्यान पाहावे. डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये ते साकारले. सुमारे ३० एकरांचे हे उद्यान सपाट असून बसण्यास जागा भरपूर आहे, म्हणून सकाळच्या दमणुकीनंतर ते योग्य ठरते. वास्तुकलेची आवड असलेल्यांनी कॅपिटॉल संकुलाची मार्गदर्शित फेरी करावी. २०१६ मध्ये हे संकुल जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. फेरीसाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे.

तिसरा दिवस : हा मुलांचा दिवस. पंचकुला जिल्ह्यात रामगड-बरवाला मार्गावर 'फन सिटी' हे पाळण्यांचे व जलक्रीडांचे उद्यान आहे. मुले लहान असतील, किंवा थंडीमुळे पाण्यात खेळणे शक्य नसेल, तर त्याऐवजी झिरकपूरजवळील छतबीर प्राणिसंग्रहालयात जावे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा.

चौथा दिवस : पिंजोरचे यादविंद्र उद्यान चंडीगडपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात ते रचले. येथे प्रवेश सर्वांत वरच्या टप्प्यावर होतो आणि उद्यान पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाते. उतरताना सोपे वाटते, पण परतताना तेवढेच चढावे लागते. ज्येष्ठांनी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर कारंज्यांजवळ थांबणे इष्ट.

येथवर आल्यावर सिमल्याची छोटी गाडी, अमृतसर, कुरुक्षेत्र हे सारे 'जवळच तर आहे' असे वाटू लागते. कालका-सिमला रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; पण ९६ किलोमीटरच्या त्या प्रवासाला सुमारे पाच तास लागतात. एका दिवसात जाऊन-येऊन तिचा आनंद मिळत नाही. संत नामदेवांच्या वास्तव्याने पावन झालेले गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान मराठी माणसाला खुणावते. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. त्यासाठीही स्वतंत्र यात्रा आखावी. दिल्लीहून मोटारीने येणाऱ्यांनी मात्र वाटेत पानिपतला काला आंब येथील स्मारकाशी अवश्य थांबावे. १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाची ती भूमी मुलांना दाखवण्यासाठी दीड-दोन तास वेगळे काढणे सार्थकी लागते.

मनोरंजन उद्यानातील दिवस

चंडीगड असो, खोपोली असो वा परदेश, पाळण्यांच्या उद्यानात जाताना पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

१. मुलांची उंची घरीच मोजून घ्यावी. अनेक उद्यानांत मुलांचे तिकीट आणि पाळण्यात बसण्याची परवानगी वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते.

२. उंचीच्या पट्टीबाबत कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. पाळण्याचा सुरक्षा-दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो. त्याहून लहान मूल त्यातून निसटू शकते. मुलाचा हिरमोड तासाभरात विसरला जातो.

३. हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचे दुखणे असलेल्यांनी व गर्भवतींनी वेगवान पाळणे टाळावेत. भरल्या पोटीही बसू नये.

४. उद्यान उघडतानाच आत शिरावे आणि सर्वांत लोकप्रिय पाळणे पहिल्या दोन तासांत उरकावेत. दुपारच्या उन्हात सावलीतील कार्यक्रम पाहावेत.

५. जलक्रीडेसाठी नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. तो घरून नेल्यास भाडे वाचते. लॉकरसाठी घेतलेली अनामत रक्कम निघताना परत घेण्यास विसरू नये.

६. बाहेरचे खाद्यपदार्थ बहुधा आत नेऊ देत नाहीत. लहान मुलांचा आहार व औषधे यांबाबत आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे.

७. आत शिरताच एक ठळक जागा 'भेटीचे ठिकाण' म्हणून सर्वांना दाखवावी. मुलाच्या खिशात पालकांच्या मोबाईल क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. चुकल्यास धावत सुटू नये, गणवेशातील कर्मचाऱ्याकडे जावे, हे मुलाला आदल्या दिवशीच शिकवावे.

८. पाळण्यात न बसणाऱ्या ज्येष्ठांना सामानाचे राखणदार बनवू नये. सामान लॉकरमध्ये ठेवावे. आई किंवा वडील यांपैकी एकाने आळीपाळीने त्यांच्यासोबत थांबावे. दिवसभर बसणे त्यांना जड जाणार असेल, तर त्यांनी सुखना तलाव किंवा वस्तुसंग्रहालयात निवांत वेळ घालवावा आणि सायंकाळी सर्वांनी एकत्र भोजन करावे.

व्यवहारातील सावधगिरी

सुट्टीच्या हंगामात स्वस्त हॉटेल व सवलतीच्या तिकिटांच्या नावाने फसवणूक वाढते. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. शोधयंत्रात दिसणाऱ्या ग्राहकसेवा क्रमांकावर विसंबू नये. पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. तसे कोणी सांगत असेल तर ती फसवणूक समजावी. ओटीपी कोणालाही, बँकेचा अधिकारी म्हणवणाऱ्यालाही, सांगू नये. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्यावे. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीमुळे रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

सर्व पैसा एकाच माध्यमावर अवलंबून ठेवू नये. मोबाईलची बॅटरी संपते, पाण्यात फोन भिजतो, नेटवर्क जाते. थोडी रोख रक्कम, एक डेबिट कार्ड आणि यूपीआय अशी तीन साधने दोन निरनिराळ्या व्यक्तींकडे विभागून ठेवावीत. निघण्यापूर्वी कार्डाची दैनंदिन मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी आणि एसएमएस सूचना चालू आहेत याची खात्री करावी. घरातील दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. आपत्तीच्या वेळी ११२, रेल्वेविषयक मदतीसाठी १३९ आणि मुलांच्या संदर्भात १०९८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये नोंदवलेले असावेत.

सहलीची तयारी म्हणजे केवळ सामान भरणे नव्हे. कुटुंबातील प्रत्येकाला काय झेपते आणि काय आवडते, हे विचारण्याची ती एक संधी असते. एका सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून प्रत्येकाने आपल्या आवडीचे एकेक ठिकाण सांगावे आणि त्या यादीतूनच बेत ठरवावा. त्यात आजीने निवडलेले ठिकाणही नातवाने निवडलेल्या ठिकाणाइतक्याच महत्त्वाने असावे. पुढच्या दिवाळीत चंडीगडला जाण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता याच महिन्यात भरावा.